मेणकापडाची फुलं

चिलोए बेटावर छत्रीला कुणी विचारत नाही;
वारा आधी तिला उलटी करतो, मग घेऊनच जातो.
म्हणून यास्नाच्या लग्नात टेबलांवर कागदी फुलं नकोत,
असं एदेल्मिरामावशीनं परस्पर ठरवून टाकलं.
गेल्या साली जत्रेत केली होती ना कागदाची,
अर्ध्या गावाच्या बाह्या गुलाबी,
पाद्रीबाबांचं सूपसुद्धा.

तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावरचं मेणकापड ओढलं.
तेवीस वर्षं तिथंच होतं ते:
निळ्या चौकटी, त्यांत लिंबं,
कोपऱ्यांवर झिजून झिजून
लिंबाची नुसती पिवळी शंका उरलेली.
"धर," म्हणाली.
मी नऊ वर्षांची. मी धरलं.

टाचणी लावायची नाही, हे पहिलं.
सुती कापड विसरतं, धुतलं की भोकं बुजतात;
याला एकदा टोचलं की टोचलं.
वाळवणाचे चिमटे लाव, नाहीतर वर दगड ठेव.
कपाच्या तोंडानं मोठं वर्तुळ, बाटलीच्या झाकणानं लहान,
आणि कात्री फिरवायची नाही, कापड फिरवायचं,
बटाटा सोलताना बटाटा फिरतो तसं.
कड दुमडू नकोस, याचे धागे सुटत नाहीत.
"माणसांपेक्षा बरं," हे ती कात्रीला म्हणाली.

तीन पाकळ्यांवर तीन. मधून तार,
जुन्या जाळ्याची, मीठ धरलेली.
बुडाला समुद्राकाठचा गोटा,
मेणकापडाच्याच पुरचुंडीत शिवलेला.
शिवणयंत्राचा पाय कापडाला चिकटून बसे,
मग ती त्यावर बाळाची पावडर भुरभुरे,
आणि खोलीभर वास सुटे,
घरात कुणीतरी नुकतंच जन्मल्यासारखा.

शिंपल्यांचा रस्सा, सफरचंदाची दारू,
आजोबांच्या नाकातलं रक्त, माझं दूध,
सगळं अळवावरचं पाणी.
ओला बोळा फिरवला की काही घडलंच नव्हतं.
मी म्हटलं, याला काहीच आठवत नाही.
मावशी म्हणाली, पाण्याचं नाही.
सुरीचं आठवतं. आगीचंही.

मध्यावर तपकिरी गोल होता, कडक, जरा फुगलेला.
मी त्याला वळसा घालून कापायला निघाले
तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.
बाल्दोमेरोकाका अर्जेंटिनाला मेंढ्या कातरायला गेले
त्या पहाटे उभ्याउभ्या चहा घेताना
त्यांनी किटली थेट कापडावर ठेवली होती.
लाकडी चकती बोटभर लांब होती.
"एवढीच," तिनं बोट दाखवलं.
एक पत्र आलं. पुढे
मेंढ्या फार असाव्यात.

तो गोल मधोमध धरून तिनं एक फूल कापलं
आणि उरलेल्या एकेचाळिसांत
टोपलीत टाकून दिलं.

लग्नात पाऊस आडवा आला,
छपराला भिंत नव्हती त्या बाजूनं.
खड्ड्यातून बटाटे, शिंपले, डुकराचं मांस
वाफेच्या ढगासकट वर निघालं,
कुणाला नवरी दिसेना.
फुलं भिजली, चमकली, बस्स.
गोट्यांनी जागा सोडली नाही.
नवऱ्याच्या आईनं एक उचलून पर्समध्ये घातलं, गोट्यासकट,
आणि रात्रभर एका खांद्यानं वाकडी नाचली.

नंतर बादलीत धुतली, दोरीवर वाळत घातली.
पावसातच. सवय.
जळकं फूल त्यांत नव्हतं.
मी दोनदा मोजलं. मावशीनं एकदाही नाही.

घरी टेबल पहिल्यांदाच उघडं.
रंधा मारल्या दिवसाइतकं गोरं लाकूड,
तेवीस वर्षांत थेंब पोचला नव्हता.
फक्त मध्यावर
कापडातून खाली उतरलेला एक पुसट गोल.

तिनं तो ओल्या बोळ्यानं पुसून पाहिला. एकदाच.
मग चकती घेतली, हातात तोलली, खिडकीत ठेवली,
आणि किटली उचलून आणली
बरोब्बर त्या गोलावर.